चाचांची घरगाडी

अमेरिकेला चाचा कधीच गेले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत त्यांच्या विमानाची वाट बघत बसेल. आम्ही ऑफिसातली माणसं तशीच सहा वर्षं बसलो होतो.

दुबईतल्या एका अवजड वाहतुकीच्या कंपनीत मी पंच्याण्णव साली टायपिस्ट म्हणून लागले. राहायला शारजात. पहाटे साडेपाचला घरून निघायचं, दोन तास गाड्यांच्या रांगेत काढून दुबईत पोचायचं, आणि संध्याकाळी तेच उलटं. नवऱ्याची फॅक्टरीत शिफ्ट. तो घरी यायचा तेव्हा मी बाहेर पडत असायची. फ्रिजवर चिठ्ठ्या लावून आमचा संसार चालायचा. त्या दिवसांबद्दल काही सांगायला बसलं की आधी मला थकवाच आठवतो, आणि त्याच्या पाठोपाठ चाचा.

वयानं पन्नाशीचे, अंगानं काटकुळे, कानावर पेन्सिल आणि कमरेला स्टीलचा टेप. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचे. अख्खं ऑफिस त्यांना चाचाच म्हणायचं, आमचा लेबनानी मॅनेजरसुद्धा. आमच्या कंपनीचे चाळीस-चाळीस चाकांचे ट्रेलर मोठमोठे ट्रान्सफॉर्मर आणि बॉयलर बंदरातून साइटवर न्यायचे. कुठल्या रस्त्यानं न्यायचे, कुठला पूल आडवा येतो, कुठल्या वळणावर शेपूट अडकेल, हे ठरवायचं काम चाचांचं. त्यासाठी त्यांच्या पिकअपला पुढे एक उभी काठी बांधलेली असे. ट्रेलरवरच्या मालाची जेवढी उंची, तेवढी काठी वर सरकवायची आणि सगळा रस्ता आधी स्वतः फिरून यायचं. काठी कुठे घासली नाही, तरच ट्रेलर हलणार. "आधी काठी, मग गाडी," असं ते म्हणत, आणि दिवसातून चार वेळा म्हणत.

या माणसानं मॅनेजरला एकदा रडकुंडीला आणलेलं मी पाहिलं आहे. ट्रान्सफॉर्मर घेऊन निघालेला ट्रेलर चाचांनी ऐन सकाळच्या गर्दीत एका पुलाच्या अलीकडे थांबवला. पुलावरच्या पाटीप्रमाणे माल सहज खालून जात होता. चाचा म्हणाले, पाटी जुनी आहे, मागच्या आठवड्यात इथे नवं डांबर पडलंय, रस्ता चार इंच वर आलाय. मागे गाड्यांचा समुद्र, पोलीस शिट्ट्या मारतायत, मॅनेजर गाडीतून उतरून निघायची घाई करत ओरडतोय, "चाचा, यल्ला! यल्ला!"

"साब, यल्ला बोलने से ब्रिज ऊपर नहीं जाता," चाचा शांतपणे म्हणाले. मग त्यांनी चाळीसही चाकांतली थोडी थोडी हवा काढायला लावली आणि ट्रेलर पुलाखालून बोटभर अंतरानं बाहेर काढला. त्या दिवसापासून मॅनेजर त्यांच्या वाटेला गेला नाही.

मोजायची ही खोड कामापुरती असती तर ठीक होतं. पण चाचा ऑफिसातल्या लिफ्टचं दार मोजायचे, पाणी पिताना ग्लास मोजायचे, माझ्या मुलीला वाढदिवसाला बाहुली आणली तर तिच्या खोक्याची लांबीरुंदी मला तोंडपाठ सांगायचे. लेक विचारायची, "मम्मा, व्हाय इज ही सो वियर्ड?" मी म्हणायची, "वियर्ड नाही गं, कोकणातले आहेत." हे उत्तर तिला पुरायचं नाही, पण माझ्या अंगात त्याहून जास्त समजावण्याचं त्राण नसायचं.

या सगळ्यात घरगाडी शिरली ती एका कॅलेंडरमुळे. कुठल्याशा प्रोजेक्टवरचा अमेरिकन इंजिनिअर जाताना ते आमच्याकडे टाकून गेला. त्याच्या ऑक्टोबरच्या पानावर डोंगराच्या माथ्यावरून जाणारा एक रस्ता होता. दोन्हीकडे लाल-पिवळी झाडं, दूरवर एकामागे एक निळे डोंगर, आणि रस्त्यावर एकच वाहन, आतमध्ये अख्खं घर असलेलं. ऑक्टोबर संपला तरी चाचांनी पान उलटलं नाही. त्यांनी चौकशी केली तेव्हा कळलं, हा रस्ता जवळजवळ पाचशे मैल डोंगरमाथ्यावरूनच जातो. त्यावर सिग्नल नाही. ताशी पंचेचाळीस मैलांच्या वर जायचं नाही. आणि मालाच्या ट्रकांना सक्त बंदी.

"ट्रकला बंदी, ताई!" चाचा मला म्हणाले, आणि लहान मुलासारखे हसले. "पाचशे मैल! एकपण ट्रक नाही!" अठरा वर्षं ज्यानं ट्रकांच्या मागे धूळ खाल्ली, त्यालाच त्या वाक्यातली गोडी कळणार.

तेव्हापासून मी कंपनीच्या वेळात चाचांची पत्रं टाइप करू लागले. रस्ता सांभाळणाऱ्या अमेरिकन कार्यालयाला पहिलं पत्र गेलं. त्या रस्त्यावर सव्वीस बोगदे होते, आणि प्रत्येकाची उंची चाचांना हवी होती. मी लिहिलं, काइंडली फर्निश द हाइट. चाचांनी कागद परत केला.

"मधली उंची कोणीपण सांगेल, ताई. बोगदा वर गोल असतो. कडेला किती, ते विचारा. समोरून गाडी आली की आपल्याला कडेलाच जावं लागणार."

दीड महिन्यानं उत्तर आलं. सव्वीस बोगद्यांच्या मधल्या आणि कडेच्या उंचीचा तक्ता होता आणि खाली कुणा बाईनं हातानं लिहिलं होतं, तुमची सहल छान होवो. चाचांनी तो कागद ऑफिसभर फिरवला. मॅनेजरनं वाचला आणि म्हणाला, "हबीबी, इन्शाल्ला." आमच्याकडे न होणाऱ्या प्रत्येक गोष्टीला हेच उत्तर होतं, पण चाचांनी तो होकार धरला.

मग माहितीपत्रकं येऊ लागली. एका दिवसाचं भाडं साडेतीनशे दिरहॅम, म्हणजे बेचाळीसशे रुपये, असं ते मोठ्यानं म्हणत आणि स्वतःच दचकत. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्यांनी यार्डात खडूनं घरगाडीचा नकाशा आखला, अगदी खऱ्या मापाचा. इथे पलंग, इथे चूल, इथे मोरी. पठाण ड्रायव्हर कडेला उभे राहून बघत होते आणि चाचा त्या चौकटीत इकडून तिकडे फिरत होते, न दिसणाऱ्या दारातून वाकून आत-बाहेर करत होते. मला त्यांनी बोलावलं.

"ताई, जरा इथे उभ्या राहा. हात वर करा. वरच्या फळीवरचा डबा बाईमाणसाच्या हाताला येईल ना?"

"चाची माझ्याएवढ्या उंच आहेत का?"

चाचा थबकले. "तुमच्याएवढीच असेल," ते म्हणाले. मग माझ्या डोक्याकडे बघत म्हणाले, "किंवा थोडी कमी." टेप तसाच हातात होता.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ही सगळी यातायात कशासाठी आहे. चाचा सत्त्याहत्तर साली इकडे आले, लग्नाला पंचेचाळीस दिवस झालेले असताना. व्हिसावर धंदा लिहिला गेला, हेल्पर. पुढे पगार वाढला, हाताखाली माणसं आली, पण कागदावर ते हेल्परच राहिले, आणि हेल्परला बायको आणून ठेवता येत नसे. दर दोन वर्षांनी दीड महिना सुट्टी. त्या दीड महिन्यातही घर आईचं, भावांचं, आल्यागेल्या पाहुण्यांचं. इकडे कंपनीच्या खोलीत चौघं.

"दोघांचं म्हणून घर कधी झालंच नाही," ते खडू झटकत म्हणाले. "लोक म्हणतात, चाचा, अमेरिका कशाला? अमेरिका नाय हो बघायची मला. पंधरा दिवस एक घर पाहिजे. आत मी आणि ती. तिसरा माणूस आत आला नाय पाहिजे. गाडीतलं घर असलं तर कोण येणार?"

माझ्या घरात आम्ही नवराबायको एकाच छपराखाली होतो आणि तरी एकमेकांना दिसत नव्हतो.

दोन हजार एकच्या जानेवारीत चाची आल्या. चाचांची आई कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती, चाचीच सगळं करत होत्या. ती गेल्यावर त्या मोकळ्या झाल्या. मॅनेजरनं दोन महिन्यांचा व्हिजिट व्हिसा काढून दिला. पण राहायचं कुठे? अजमानला पुतण्याच्या फ्लॅटमध्ये, हॉलला पडदा लावून. पडद्याच्या अलीकडे पुतण्याची तीन मुलं टीव्ही बघायची. तिसरा माणूस सोडा, तिथे सात होती.

चाचांनी ठरवलं, सप्टेंबरात नोकरीतून निवृत्त व्हायचं आणि तिथूनच अमेरिकेच्या व्हिसाला लागायचं. पण आधी काठी, मग गाडी. आधी इथल्या डोंगरात दोन दिवसांची रंगीत तालीम करायची. यार्डात एक जुना, चाकांचा कॅरॅव्हॅन भंगारात पडला होता, कधीकाळी साइटवरचा इंजिनिअर त्यात झोपायचा. चाचांनी महिनाभर रोज संध्याकाळी खपून त्याला माणसात आणलं. गॅसची शेगडी, दोन गाद्या, खिडकीला फुलांचे पडदे, हलताना उघडू नयेत म्हणून कपाटांना आकडे. मिठाच्या डब्यावर मीठ, साखरेच्या डब्यावर साखर, अशा चिठ्ठ्या त्यांनी माझ्याकडून टाइप करून घेतल्या. पहिल्या दिवशी समुद्रकाठच्या दिब्ब्यापर्यंत सोबत म्हणून आम्हाला यायचा आग्रह झाला; संध्याकाळी तिथून टॅक्सीनं परतायचं. नवऱ्याला शिफ्ट होती. मी आणि आठ वर्षांची लेक, अशा दोघी निघालो.

फेब्रुवारीतला गुरुवार होता; आमची सुट्टी गुरुवार-शुक्रवारची. पिकअपला मागे कॅरॅव्हॅन जोडलेला, पुढे चाचा-चाची, मागच्या सीटवर आम्ही. चाचींना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते तेव्हाच. लहानखुऱ्या, गोऱ्या, बोलणं कमी, हसणं जास्त. माझ्यापेक्षा निदान चार बोटं बुटक्या. मी इडल्या आणल्या होत्या, त्यांनी हात लावला नाही.

"आज रोजा धरलाय," त्या म्हणाल्या.

"आज कसला रोजा?" चाचांनी विचारलं.

"असाच. मनातला."

आणि त्यांच्या मुठीत मला अर्धं कापलेलं लिंबू दिसलं. चाचांनाही दिसलं. ते खूश झाले.

"बघा ताई, दिब्ब्याला ताजी सुरमई घ्यायची म्हटलं तर बाईसाहेब घरनंच लिंबू घेऊन निघाल्या!"

उपाशी पोट, मुठीत लिंबू आणि पर्समधून डोकावणारी प्लॅस्टिकची पिशवी. घाटातून एसटीनं प्रवास केलेल्या कुठल्याही बाईला याचा अर्थ सांगावा लागत नाही. चाचींनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच बोट ओठावर ठेवलं.

शारजाहून धैदपर्यंत रस्ता सरळ. त्या देशात बहुतेक रस्ते सरळच. चाची बऱ्या होत्या. मसाफीला रस्त्याकडेच्या बाजारात चाचा संत्री घ्यायला उतरले तेव्हा मी पुढे वाकून विचारलं, "चाची, गाडी लागते ना तुम्हाला?"

"सरळ रस्त्याला काय होत नाय हो. वळणं आली की मग..." त्यांनी लिंबू हुंगलं. "त्यांना सांगू नका हां. सहा वर्षं झाली, फोनवर दुसरं काय बोलत नाहीत. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, दात आवळून काढीन."

"आणि अमेरिकेतले पंधरा दिवस? तो रस्ता म्हणजे नुसती वळणं आहेत."

"ते पण काढीन," चाची म्हणाल्या. "तिथे आम्ही दोघंच असणार ना."

मला इतका राग आला, आणि कुणाचा ते कळेना. सव्वीस बोगद्यांच्या कडा विचारणाऱ्या माणसानं घरच्या माणसाला एक साधा प्रश्न विचारला नव्हता. पण विचारणार तरी कधी? महिन्यातून दोनदा, मिनिटांवर लक्ष ठेवून केलेल्या फोनवर माणूस पोरांच्या परीक्षा विचारतो, आईचं औषध विचारतो.

मसाफी सोडलं आणि डोंगर सुरू झाले. उघडेबोडके, तपकिरी, झाडाचं नाव नाही. चाचा रंगात आले. "हे बघ, असंच वळण असणार. आता उजवीकडे बघ, खाली दरी. बघितलीस?"

"छान आहे," चाची म्हणाल्या. त्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते.

"आता डावीकडे बघ!"

"छान आहे."

पाचव्या की सहाव्या वळणावर माझी लेक म्हणाली, "चाचा, स्टॉप द कार. आंटी इज गोइंग टू थ्रो अप."

चाचांनी गाडी कडेला घेतली. चाची दार उघडून उतरल्या आणि दगडाला धरून बसल्या. पोटात काही नव्हतंच, तरी उमासे थांबेनात. मी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. चाचा बाटलीचं झाकण हातात घेऊन उभे होते.

"काय खाल्लंस सकाळी?"

"काहीच नाही."

"मग?"

चाचींनी पदरानं तोंड पुसलं. "मला गाडी लागते. पहिल्यापासनं लागते. नवरी होऊन तुमच्या गावी आले, तेव्हा पण लागली होती. त्या गाडीत तुम्ही पुढे बसला होतात."

"मला कसं ठाऊक नाय?"

"त्याच्यानंतर तुमच्यासोबत गाडीत बसले कधी मी? तुम्ही यायचात तेव्हा मी दारात. जायचात तेव्हा पण दारात. विमानतळावर भाऊ जायचे."

चाचा खाली बसले. रस्त्याच्या कडेला, कपड्यांचा विचार न करता, धुळीत. कमरेचा टेप त्यांनी काढून बाजूला ठेवला. एक टँकर भोंगा वाजवत गेला, तरी त्यांनी मान वर केली नाही.

"चोवीस वर्षं," ते एवढंच म्हणाले.

मला वाटलं, आता परत फिरायचं. पण चाचा उठले आणि पायी पुढे गेले. तिकडे डोंगरातल्या कोरड्या ओढ्याला वादी म्हणतात. वादीच्या वर, पाऊस झाला तरी पाणी पोचणार नाही अशी एक सपाट जागा त्यांनी शोधून काढली. गाडी मुंगीच्या पावलानं तिथवर नेली. चाची मागून चालत आल्या. मग चाचांनी कॅरॅव्हॅन सोडला, चाकांना दगड लावले, आणि पिकअपची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"ताई, गाडी तुम्ही घेऊन जा. आम्हाला नको. उद्या संध्याकाळी न्यायला या."

पाचव्या टेस्टला मिळालेलं माझं लायसन्स. त्या वळणांवरून एवढी मोठी गाडी मी जीव मुठीत धरून खाली आणली. लेक म्हणाली, "मम्मा, विल दे बी ओके?" मी म्हटलं, "माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं. ज्यांचे एकत्र भात खाल्लेले दिवस मोजता आले असते, ती दोन म्हातारपणाकडे झुकलेली माणसं त्या ओसाड डोंगरात, फोनला रेंज नाही, दाराशी गाडी नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, उन्हं कलायच्या आत मी परत गेले. कॅरॅव्हॅनच्या खिडकीपासून एका बाभळीपर्यंत दोरी बांधलेली होती, तिच्यावर चाचांचा शर्ट आणि चाचींची ओढणी वाळत होती. चाची पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. चाचा वीस पावलांवर एका दगडावर, त्यांच्याकडे पाठ करून. दोघंही एकमेकांशी बोलत नव्हते.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

दोघं एकदम बोलायला लागले. हिनं सगळ्या डब्यांच्या जागा बदलल्या, मिठाच्या डब्यात हळद भरली. यांनी शेगडीपाशी उभं राहून किती मिनिटं झाली ते मोजलं. ही एक गोष्ट तीनदा सांगते. हे एकदाही ऐकत नाहीत. तिथून भांडणाची गाडी मागे मागे गेली. सासूबाईंचं आजारपण, भावांच्या वाटण्या, आणि अमक्या साली पाठवलेल्या साडीचा रंग. चाचींचा आवाज एवढा चढू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटतं चाचांनाही नव्हतं.

"सुट्टीत आले तर ह्यांच्याशी भांडायची पण चोरी," चाची मला म्हणाल्या. "दीड महिन्याचा पाहुणा. जाताना तोंड वाकडं नको, म्हणून सगळं गिळायचं."

हे म्हणताना त्यांचे डोळे भरले होते आणि गाल लाल झाले होते. मला त्यांचा हेवा वाटला. माझ्या नवऱ्याशी मी शेवटची केव्हा भांडले होते, ते मला आठवेना.

चाचींच्या व्हिसाचे बारा दिवस उरले होते. शनिवारी सकाळी बंदरातून एक बॉयलर निघणार होता आणि त्याचा रस्ता चाचांनाच दाखवायचा होता. मी पिकअपचं दार उघडून उभी राहिले. "चला चाची. हळूहळू जाऊ, वळणावर मी सांगेन डोळे मिटायला."

चाची जागच्या हलल्या नाहीत. तांदळातला एक खडा त्यांनी वेचून फेकला.

"ताई, लग्नापासनं सुरू केलंय, आत्ता कुठे आम्ही थोरल्याच्या जन्मापर्यंत आलोय. अजून बावीस वर्षांचं भांडायचं आहे. तुम्ही उद्या या."

मी चाचांकडे पाहिलं. बॉयलर, मॅनेजर, बंदर, सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ते दगडावरून उठले, येऊन पायरीवर चाचींच्या शेजारी बसले, आणि तांदळाच्या ताटाची दुसरी कड धरली.

"उद्या नको," ते म्हणाले. "परवा या."